टॉनिक पाजलं, तरी तलंगा वाळल्या

पुणे जिल्ह्यातल्या एका कोंबडीपालक ताईंच्या गिरिराज तलंगा दिवसभर दाणे टिपत होत्या आणि तरीही वाळत होत्या. छातीचं हाड हाताला लागे, तुरे फिके पडलेले, अंड्यांचा पत्ता नाही. खाद्यविक्रेत्याने एकही पक्षी न पाहता लिव्हर टॉनिक आणि महागडं खाद्य माथी मारलं. ताईंनी जंतांची शंका काढली, तर 'शेडमध्ये कुठले जंत?' म्हणत तो गिऱ्हाइकांसमोर हसला. ते हसू त्यांना आजही सलतं.

एक तलंग मेली, ती त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी लहान आतडं उभं चिरलं आणि शेवयांसारखा पांढरा गुंता बाहेर आला. शंका खरी ठरली होती!

हे गोलकृमी, अस्कॅरिडिया गॅली. वाढलेला जंत 5 ते 12 सेंटिमीटर लांब असतो, पण जास्त घात त्याच्या अळ्या करतात. त्या आतड्याच्या अस्तरात घुसतात, अन्नरस शोषणारे रसांकुर झिजतात, सूज येते. मग कितीही चांगलं खाद्य घातलं तरी त्यातला बराच भाग अंगी न लागता विष्ठेतून निघून जातो. त्यातच 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं, तर पक्ष्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि जंतांचं आणखी फावतं.

शेडचा आडोसा इथे कामाचा नाही. विष्ठेतली जंतांची अंडी ओलसर, उबदार तुसात दोनेक आठवड्यांत बाधक होतात आणि महिनोन्महिने टिकतात. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस लगेच काढा. पिल्लं मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी ठेवा, तीन महिन्यांखालच्या पिल्लांना धोका अधिक. स्वच्छता तर हवीच.

औषध मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नका. पायपराझिन मोठ्या गोलकृमींवर चालतं. अस्तरातल्या अळ्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही आणि पट्टकृमींवर तर नाहीच. त्यामुळे दुसरा डोस कधी द्यायचा आणि औषधानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

बाधेनंतर जंत अंडी घालू लागेपर्यंत 5 ते 8 आठवडे जातात, तोवर विष्ठेची तपासणी कोरी येऊ शकते. तेवढ्यावर निर्धास्त न राहता काही आठवड्यांनी ताजा नमुना डबीत घालून पुन्हा दवाखान्यात न्या.