काखेतली गाठ आणि गप्प बसणं

चंद्रपूर,
अक्षय्य तृतीया

चि. भाचीस,

तू मोबाइलवर पाठवलेला फोटो पाहिला. आईला दाखवायला लाजलीस आणि मला दाखवलास, हे बरं केलंस. माझी सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग करण्यात गेली, तेव्हा मी सिस्टरसारखंच बोलणार. राग धरू नकोस.

"पुन्हा काखमांजरी झाली," असं लिहितेस. दिवाळीत डाव्या काखेत झाली, संक्रांतीनंतर उजव्या, आणि आता परत डाव्या, तीही जुन्या व्रणाला लागूनच. दर वेळी तू तिला नवी गाठ समजलीस, मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्यास, एकदा चिरा मारून घेतलास आणि पस गेला तशी सुटले म्हणालीस. बेटा, हा सगळा मिळून एकच आजार आहे. गाठ नसते त्या महिन्यांतही तो काखेत असतोच. डॉक्टर त्याला हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा म्हणतात. तो ओळखायला रक्ताची कुठली खास तपासणी नसते. काख, जांघ, स्तनाखालची घडी या ठरलेल्या जागा. खोल, दुखऱ्या गाठी किंवा वाहणारी छिद्रं. आणि सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा उठणं. एवढं जुळलं की माहीतगार डॉक्टर नाव सांगतो. पण असा डॉक्टर भेटेपर्यंत मोठ्या देशांतल्या रुग्णांचीही सात-सात, दहा-दहा वर्षं जातात. त्यामुळे तिकडे तुझ्या एटापल्लीत तुला कुणी नाव सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

होतं असं की केसाच्या मुळाचं तोंड बुजतं, आतला मळ साचून ते फुगतं, कातडीखालीच फुटतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती नको तितक्या जोरानं त्यावर तुटून पडते. पूर्वी हा घामाच्या ग्रंथींचा आजार समजत. व्हर्नई नावाच्या फ्रेंच सर्जननं १८५४ मध्ये तसं मांडलं आणि नाव त्यावरूनच चिकटून राहिलं. तेव्हा अंघोळ कमी पडली, अंगात उष्णता वाढली, कुणाचं लागलं, हे सगळं डोक्यातून काढ. हा आजार तुझ्यापासून कुणाला होणार नाही. तू शिकवतेस त्या वर्गातल्या पोरींना जवळ घ्यायला घाबरू नकोस.

आता चिऱ्याबद्दल. गाठ ताणून आलेली, ताप, हात हलत नाही, लाली दंडाकडे पसरतेय, अशी वेळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ आणि पस काढून घे. त्या रात्रीच्या झोपेसाठी तो चिरा हवाच. पण आजार त्यानं जात नाही, गाठ बहुतेक त्याच जागी परत येते. वॉर्डात अशा बायका मी पाहिल्यात, केसपेपरवर तीच काख आणि तेच 'आय अँड डी', म्हणजे चिरा मारून पस काढणं, फक्त तारीख वेगळी. वारुळाचं तोंड लिंपलं म्हणून आतल्या वाटा बुजत नाहीत; तशा कातडीखाली एका गाठीपासून दुसरीपर्यंत नळ्या तयार होतात. त्यावरूनच या आजाराच्या तीन पायऱ्या मोजतात. नुसत्या सुट्या गाठी ही पहिली. परत परत गाठी, त्यांच्यासोबत व्रण आणि नळ्या, पण मध्ये चांगली कातडी शिल्लक, ही दुसरी. सगळी काखच नळ्यांनी जोडली गेली की तिसरी. तुझ्या फोटोत मला दोन तोंडं आणि मध्ये दोरीसारखा व्रण दिसतोय. हात लावून तपासल्याशिवाय सांगू नये, पण मला ही दुसरी पायरी वाटते. म्हणूनच घाई करतेय.

उपाय आहेत, आणि पाच दिवसांच्या गोळ्यांपेक्षा त्यांना जास्त धीर लागतो. हलक्या आजाराला क्लिंडामायसिनचं लोशन दोन वेळा लावायला देतात, सोबत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या तीनेक महिने. एखादीच गाठ फार छळत असेल तर तिच्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचतात, काही दिवसांत ती बसते. एवढ्यानं भागलं नाही तर क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन या दोन्ही गोळ्या मिळून अडीच-तीन महिने.

इथे थांबते, कारण आपल्या भागात रिफाम्पिसिन हे नाव साधं नाही. टीबीची तीच गोळी, कुष्ठरोगाचीही तीच. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला आनंदवन उभं केलं तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला कुष्ठरोगाची ओळख आहे, तरी लोकांच्या मनातली भीती गेली नाही. या गोळीनं लघवी नारिंगी झाली आणि घरात कुणी पाकीट वाचलं की 'हिला तो रोग झाला' व्हायला वेळ लागत नाही. तू आधीच आईला सांगून ठेव. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: काखेतल्या गाठीचा टीबीही असतो आणि तोही फुटून वाहतो. खरा टीबी असताना रिफाम्पिसिन अर्धवट, एकटीच पोटात गेली तर पुढे ती लागू पडेनाशी होते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी मागून घे, आणि ही गोळी मेडिकलवाल्याच्या हातून कधीच घेऊ नकोस. लग्नानंतर माला-एन घेणार असशील तर रिफाम्पिसिन चालू असताना तिच्यावर विसंबू नकोस. आणि डॉक्सिसायक्लिन दिवस राहिल्यावर चालत नाही. डॅपसोन हे कुष्ठरोगाचं दुसरं औषधही या आजारात कधी वापरतात. दिलंच तर त्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली का, ते विचार. त्या एन्झाइमची कमतरता असली तर डॅपसोननं रक्तपेशी फुटतात.

यापुढे अडालिमुमॅबचं इंजेक्शन. अमेरिकेत २०१५ पासून याच आजारासाठी मान्य आहे, आणि भारतीय कंपनीनं त्याची स्वस्त आवृत्ती २०१४ च्या शेवटी बाजारात आणली. स्वस्त म्हणजे विदेशी मालाच्या मानानं. तुझ्या पगाराला ते जडच जाईल. त्यानं दबलेला टीबी उठू शकतो, म्हणून तपासणी तिथंही आधी. मला विचारशील तर तुझ्या नळ्यांसाठी मी सर्जनचं मत आधी घेईन. 'डीरूफिंग' म्हणून एक छोटं काम असतं. जागा बधिर करतात, नळीचं छप्पर कापून काढतात, तळ तसाच ठेवतात आणि जखम खालून भरू देतात. ड्रेसिंग काही आठवडे चालतं, पण नुसत्या चिऱ्यापेक्षा त्याच जागी परत उठण्याची शक्यता बरीच कमी होते. फार पसरलेलं असेल तर सगळी खराब कातडी काढावी लागते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्र. तुझा सिकलसेलचा रिपोर्ट आहे ना? कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर तो पहिल्यांदा दाखव.

घरी करायचं ते थोडकं. वस्तरा बंद. घट्ट बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेऊ नकोस, आपल्या उन्हात तर नाहीच. पारा ४५च्या वर गेला की घाम आणि घासणं दोन्ही वाढतात. गाठ दाबू नकोस. कोमट पाण्याचा शेक चालतो, आजीचं पोटीसही चालेल, पण फुटलेल्या जागेवर काही बांधू नकोस. बिब्बा मात्र अजिबात नाही. शेजारची बाई चटका द्यायला तयारच बसलेली असेल. बिब्ब्याच्या तेलानं चांगली कातडीही फोडांनी भरते, हे मी किती जणींच्या अंगावर धुतलंय. वजन वाढलंय ते थोडं उतरव आणि एकदा साखर तपासून घे. सिगरेट-बिडीचा या आजाराशी संबंध पक्का दिसलाय. तू ओढत नाहीस. पण शाळेत मधल्या सुट्टीत सगळे मिळून तंबाखूचा खर्रा खाता, हे तुझ्या भावानं मला सांगितलंय. तो वेगळ्या कारणांसाठी सोड.

राहिली गोष्ट लाजेची. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासल्या आणि ते १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. साडेसहाशे बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्के जणींची. तो आजार वेगळा, पण सवय हीच: कपड्याखालचं दुखणं कपड्याखालीच ठेवायचं. फळ्यावर लिहायला हात वर जात नाही म्हणून तू मुलांना बसून शिकवतेस आणि हेडमास्तरांना पाठ दुखते सांगतेस. तुझ्या लग्नाची बोलणी चाललीत, म्हणून आई 'आत्ता नको, नंतर बघू' म्हणेल. तिला म्हण, नळ्या लग्नाची वाट पाहत नाहीत.

अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घे आणि इथे ये. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोगाची ओपीडी आहे, पुढे लागलंच तर नागपूर किंवा सेवाग्राम. येताना जुने केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि प्रत्येक गाठीची तारीख एका वहीत लिहून आण. डॉक्टरला त्यातून जेवढं कळेल तेवढं माझ्या सांगण्यातून कळणार नाही. सांधे दुखतात का, पोट वारंवार बिघडतं का, झोप लागते का, हेही त्यातच लिही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की महिनाभर माझ्याकडे राहा, ड्रेसिंग मी करीन.

आणि आईला सोबत आण. हा आजार पुष्कळदा घराण्यात चालतो. लहानपणी आम्ही दोघी नदीवर अंघोळीला जायचो, तेव्हा तिच्या दोन्ही काखांत असेच व्रण मी पाहिलेत. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, आणि अजूनही उठतात का, हे मी कधी विचारलेलं नाही. या वेळी तिचाही केसपेपर काढू.

तुझी,
मोठ्याई