पायांच्या फुगलेल्या शिरा

शाळेंतील शरीरशास्त्राच्या पाठांत हृदयाचें वर्णन येतें, फुप्फुसांचें येतें, मेंदूचेंही येतें. पोटरीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तथापि पुष्कळ घरांतून असें एखादें वडील माणूस असतें, कीं ज्याच्या पायांवर निळसर, वेड्यावांकड्या, दोरीच्या पिळाप्रमाणें फुगलेल्या शिरा दिसतात. सायंकाळीं पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्रीं पोटरींत पेटके येतात. हें दुखणें अंगावर काढिलें जातें, साडीच्या निऱ्यांआड किंवा विजारीआड झांकलें जातें. आणि घोट्याजवळ जखम होऊन ती बरी होईनाशी झाली, म्हणजे मग तें उघडकीस येतें. या विकारास व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मराठी वैद्यकांत त्यास अपस्फीत नीला असें नांव आहे. त्याचें कारण नीट समजलें तर उपचारही समजतात, म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. हृदयाकडे परत येणाऱ्या रक्तास ‘अशुद्ध रक्त’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. या शब्दामुळें पुष्कळांची अशी समजूत होते, कीं पायांत घाण रक्त सांचलें आहे व तें काढून टाकिलें म्हणजे रोग गेला. कोणी जळवा लावितात, कोणी तुंबड्या लावितात, तर कोणी हा आपल्या नशिबाचा भोग समजून लाजेनें गप्प बसतात. वस्तुतः त्या रक्तांत घाण अशी कांहीं नसते. त्यांतील प्राणवायूचा कांहीं भाग शरीरानें वापरलेला असतो व कार्बन डाय-ऑक्साइड वाढलेला असतो, इतकेंच. दोष रक्ताचा नाहीं. दोष आहे तो रक्तवाहिनीच्या दारांचा.

हृदयापासून निघालेलें रक्त रोहिण्यांतून पायांच्या बोटांपर्यंत जातें व नीलांतून परत येतें. ही परतीची वाट चढाची आहे. आपण निश्चल उभे असतों, तेव्हां घोट्यापासून हृदयापर्यंत एक मीटरहून अधिक उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याच्या भारानें घोट्याजवळील नीलेंत पाऱ्याच्या सुमारें ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. हा चढ चढण्यास दोन साधनें साहाय्य करितात. पहिलें साधन म्हणजे पोटरीचे स्नायू. चालतांना ते आंवळले जातात, त्यांच्यामधील खोल नीला दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललें जातें. चालूं लागलें कीं घोट्याजवळील तोच दाब २० ते ३० मिलिमीटरपर्यंत उतरतो. दुसरें साधन म्हणजे नीलांतील नाजूक झडपा. हातपंपांतील चामड्याची झडप जशी पाण्यास वर येऊं देते, पण परत जाऊं देत नाहीं, तशाच या झडपा वर जाणाऱ्या रक्तास वाट देतात आणि तें मागें फिरूं लागलें कीं मिटतात.

या झडपांचें सविस्तर वर्णन इटलींतील पादुआ येथील अध्यापक फॅब्रिशियस यांनीं इ. स. १६०३ मध्यें प्रसिद्ध केलें. परंतु त्यांचा खरा उपयोग त्यांस उमगला नाहीं. तो त्यांचे इंग्रज शिष्य विल्यम हार्वे यांस उमगला. रक्त शरीरांत फिरून पुनः हृदयाकडे येतें, हा सिद्धान्त हार्वे यांनीं इ. स. १६२८ मध्यें ग्रंथरूपानें मांडिला. त्यांचा एक प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांस शिक्षकांच्या देखत सहज करितां येईल. दंडावर रुमाल बेतानें बांधावा, म्हणजे हाताच्या पुढील भागावरील शिरा फुगतील व मधून मधून लहान गांठी दिसतील. तेथें झडपा आहेत. आतां एका बोटानें मनगटाकडील बाजूस शीर दाबून धरावी व दुसऱ्या बोटानें तिच्यांतील रक्त कोपराच्या दिशेनें पुढच्या गांठीपलीकडे सारावें. दुसरें बोट उचललें तरी मधला भाग रिकामाच राहतो; वरचें रक्त खालीं उतरत नाहीं. पहिलें बोट उचलतांच मात्र तो भाग खालून भरून येतो. प्रयोग होतांच रुमाल सोडावा.

पायांतील याच झडपा निकामी झाल्या म्हणजे काय होईल, हें आतां सांगावयास नको. रक्त वर जातें, पण कांहीं भाग परत खालीं घसरतो. त्या भारानें शीर ताणते. शीर ताणली कीं तिच्या झडपेचीं पाळीं एकमेकांस भिडत नाहींत. मग भार तिच्याखालच्या झडपेवर पडतो. असा एकेक दरवाजा ढिला होत जातो. घोट्याच्या आंतील बाजूपासून जांघेपर्यंत जाणारी त्वचेखालची लांब नीला व तिच्या शाखा यांवर हा प्रसंग विशेष येतो. आईवडिलांस हा विकार असल्यास मुलांस होण्याचा संभव अधिक असतो. वाढतें वय, गरोदरपण, लठ्ठपणा आणि तासन् तास एका जागीं उभें राहणें, हीं इतर कारणें होत. ओट्याशीं राबणारी गृहिणी, वाहतुकीचा पोलीस, केशकर्तनालयांतील कारागीर, दुकानांतील नोकर आणि फळ्यापुढें उभा राहणारा शिक्षक, या सर्वांनीं याची आठवण ठेवावी.

उपचारांचें सूत्र एकच, तें म्हणजे रक्तास वर जाण्यास मदत करणें. रोज चालावें. उभें राहणें भागच असेल तर मधून मधून टांचा उचलाव्या, दोन पावलें टाकावीं. दिवसांतून कांहीं वेळ निजून पाय उशांवर हृदयाहून उंच ठेवावे. वजन बेताचें राखावें. डॉक्टरांनीं सांगितल्यास दाब देणारे लवचीक मोजे सकाळीं अंथरूण सोडण्यापूर्वीं चढवावे व रात्रीं काढावे. मात्र ज्यांस मधुमेह आहे किंवा ज्यांच्या पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत, त्यांनीं ते परीक्षेवांचून वापरूं नयेत. गरोदरपणांत उमटलेल्या शिरा प्रसूतीनंतर कांहीं महिन्यांत पुष्कळदां ओसरतात, म्हणून तेव्हां घाई करूं नये.

एवढ्यानें भागलें नाहीं तर शस्त्रवैद्य आहेत. रोमचा सेनापती मारियस यानें न बांधून घेतां एका पायावर शस्त्रक्रिया सोसली व दुसरा पाय पुढें करण्याचें नाकारलें, अशी हकीकत प्लूटार्क यानें लिहून ठेविली आहे. ते दिवस गेले. आज डॉप्लर सोनोग्राफीनें कोणती झडप गळते हें वेदनेवांचून दिसतें; आणि लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनें, अथवा औषधाच्या सुईनें, बिघडलेली शीर आंतून बंद करितां येते. बहुधा जागा बधिर करून हें काम होतें व रोगी त्याच दिवशीं चालूं लागतो. रक्त इतर निरोगी नीलांतून आपली वाट काढितें.

कांहीं लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष करूं नये. घोट्याभोंवतीं त्वचा काळवंडणें, खाज येणें, ती कठीण होणें, हीं पुढें होणाऱ्या जखमेचीं चिन्हें होत. जखम झालीच तर तिच्यावर तंबाखू, चुना किंवा राख न भरतां दवाखाना गांठावा. फुगलेली शीर फुटून रक्त वाहूं लागल्यास रोग्यास तत्काळ आडवें निजवावें, पाय उंच धरावा व स्वच्छ फडक्यानें जखमेवरच घट्ट दाबून धरावें. जखमेच्या वर दोरी आंवळूं नये, तिनें रक्तस्राव वाढतो. तो थांबला तरी डॉक्टरांस दाखवावें; न थांबल्यास विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला तर खोल नीलेंत गांठ झाली असण्याचा संभव असतो; अशा पायास तेल लावून चोळूं नये, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. त्याबरोबर धाप लागली किंवा छातींत दुखूं लागलें, तर क्षणाचाही विलंब न करितां रुग्णालय गांठावें.

पवित्र सप्ताहांत प्रभु येशूनें शिष्यांचे पाय धुतल्याचें आम्ही शाळेंत स्मरण करितों. सणासुदीस वडील माणसांच्या पायां पडण्याची रीतही आपल्या घरोघरीं आहे. तेव्हां प्रिय विद्यार्थ्यांनो, आपण ज्या पायांवर मस्तक ठेवितों, त्यांकडे एकदां डोळे उघडून पाहा. आईच्या घोट्यावर सूज आहे काय? वडिलांच्या पोटरीवर निळ्या गांठी आहेत काय? असल्यास त्यांस लाज वाटूं न देतां विचारा, संध्याकाळीं पायांखालीं उशी द्या, आणि जखम होण्यापूर्वींच त्यांस डॉक्टरांकडे घेऊन जा. आपल्यासाठीं ते वर्षानुवर्षें उभे राहिले आहेत. त्यांच्यासाठीं आपण एवढें तरी करावें.