शेतातला सोलर: आधी बॅटरी, मग पॅनल

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून गाफील राहू नका. गोठ्यातला कडबा पेटायला तेवढं पुरतं. ऊन असेपर्यंत पॅनल बंद होत नाही, म्हणून जोडणीआधी ते जाड पोत्याने झाका.

१) कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, नंतर पॅनल. संच १२ चा की २४ व्होल्टचा, हे बहुतेक कंट्रोलर बॅटरीवरूनच ओळखतात. सोडवताना उलट करा: आधी पॅनल, शेवटी बॅटरी.

२) बॅटरीच्या प्लस वायरवर, टर्मिनलपासून वीतभर अंतरात डीसी फ्यूज बसवा. वायर शॉर्ट झाली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर करंट जातो. फ्यूज नसेल तर वायरच पेटते.

३) घरचा साधा एमसीबी इथे वापरू नका. घरचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीची ठिणगी जळतच राहते. 'डीसी' लिहिलेलाच एमसीबी घ्या.

४) पॅनलचे कनेक्टर चालू असताना ओढू नका. आधी एमसीबी खाली करा.

५) अंगठी, कडं काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा.

शंका असेल तर बॅटरी जोडण्याआधी जोडणीचा फोटो पाठवा, बघून सांगतो.
– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी