आधी वही, मग सॉफ्टवेअर

बारावीचा निकाल लागला की ॲनिमेशनला स्कोप आहे का आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर शिकवावे, हे दोन प्रश्न पालकांकडून हमखास येतात. त्यांतील दुसरा प्रश्न मुळातच चुकीचा आहे, कारण सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताळता येते, निरीक्षण आणि रेखाटन अंगी मुरायला मात्र वर्षे लागतात. अहमदाबादची एनआयडी व आयआयटी मुंबईतील आयडीसी या डिझाइन संस्था आणि खासगी संस्था हे मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. प्रवेशानंतर उमेद टिकेल का, हे मात्र कोणी विचारत नाही.

चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, असतात; हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकेक चित्र दोन चौकटी चालवले, तरी एका मिनिटाला ७२० चित्रे लागतात. नवशिक्याच्या वाट्याला अनेकदा रोटोस्कोपिंग, म्हणजे चित्रित दृश्यातील आकृतीची कड चौकटीगणिक कोरून काढण्याचे काम येते, आणि पाच सेकंदांच्या दृश्यात वाऱ्यावर उडणारे केस १२० वेळा कोरताना कल्पकतेला फारसा वाव उरत नाही. अशा कामाचा साधा थकवा झोपेने जातो. बर्नआउटमध्ये मात्र कामाविषयीची ओढच आटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची गणना आजारात न करता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाशी जोडली, त्यामुळे ओढ आटलेल्या मुलाला आळशी ठरवणे हा निव्वळ अन्याय होय.

बर्नआउटवरचा स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित उपाय म्हणजे गुणांसाठी किंवा ग्राहकासाठी नसलेली, केवळ स्वतःची रेखाटनवही. उदाहरणार्थ, फलाटावरील बाकावरून उठणारी आजी आधी पुढे झुकते, गुडघ्यावर तळवा रेटते आणि मगच कंबर सरळ करते. शरीराचे हे वजन ज्याने दहा ओळींत पकडले, त्याला कंटाळवाण्या कामानंतरही स्वतःचे असे काही उरते.

पालकांचा दोष येथेच आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा झाल्या की नववी-दहावीत ते चित्रकला बंद करवतात, बारावीनंतर कर्ज काढून लाखांची फी भरतात आणि पुढे प्रत्येक चित्राचा हिशेब पगाराच्या आकड्याशी मांडतात. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्यांनी मुलाची वही मागावी. ती कोरी असेल तर फी भरू नये, आणि भरलेली असेल तर तिचा उपयोग काय, हे विचारू नये.