पहिले विमान : निवड, बांधणी आणि तोल



काही वर्षांपूर्वी मुलांना बरोबर घेऊन मी पहिले रेडिओवर चालणारे विमान बांधले. बांधायला तीन आठवडे लागले, मोडायला दहा सेकंदही लागले नाहीत. हातातून सुटताच त्याने नाक वर केले, क्षणभर थबकले आणि जमिनीवर आपटले. मोटर चांगली होती, बॅटरी भरलेली होती. मैदानावर पोचायच्या घाईत एकच गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे विमानाचा तोल पाहणे. त्या दिवशी मुले काही न बोलता घरी गेली. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हा पाठ.

निवड

दुकानात नजर आधी लढाऊ विमानाच्या किटवर जाते. ते पहिले विमान म्हणून घेऊ नका. त्याचे पंख आखूड असतात आणि वेग कमी झाला की ते हवेत टिकत नाही. शिकण्याचे विमान असे असावे :

१. पंख धडाच्या वर बसवलेला असावा.

२. पंखाची दोन्ही टोके थोडी वर उचललेली असावीत, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखी. विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला घसरते. मग खालच्या पंखाला हवेचा जास्त आधार मिळतो आणि विमान आपोआप सरळ होते.

३. ते फोमचे असावे. बाल्साच्या हलक्या लाकडाचे विमान सुंदर दिसते, पण पहिल्या आपटीत मोडते. फोम चिकटवून त्याच संध्याकाळी पुन्हा उडवता येतो.

४. नियंत्रणे तीनच असावीत : मोटरचा वेग, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर.

वजनाकडेही लक्ष द्या. पंखाची लांबी १०० सेंटीमीटर व रुंदी १८ सेंटीमीटर असेल, तर क्षेत्रफळ १८०० चौरस सेंटीमीटर होते. असे विमान ५०० ग्रॅमचे असेल, तर ताशी साधारण २४ किलोमीटर वेगालाही हवेत राहते. तेच ८०० ग्रॅमचे झाले, तर किमान ३१ किलोमीटर वेग लागतो. शिकणाऱ्याला विचार करायला वेळ हवा, म्हणून हलके विमान बरे. ५०० ग्रॅमला सुमारे १०० वॅटची मोटर पुरते.

बांधणी

किटमधले सर्व भाग आधी टेबलावर मांडून माहितीपत्रकाशी ताडून पाहा. झटपट चिकटणारा काही गोंद फोम विरघळवतो, म्हणून टाकाऊ तुकड्यावर एक थेंब टाकून पाहा. पंख आणि शेपटी समोरून पाहून समांतर आहेत ना, हे तपासा. जोडणी होईपर्यंत प्रोपेलर लावू नका. चाचणी करताना मोटर अचानक फिरली तर बोटे कापली जातात.

नियंत्रणे विमानाच्या मागे उभे राहून तपासा. दांडी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे. दांडी उजवीकडे नेली की रडरही उजवीकडे वळला पाहिजे.

तोल

उत्तरायणात पतंगाला किन्ना बांधताना गाठ बोटभर चुकली, तर पतंग गोते खातो, हे बडोद्याच्या मुलांना सांगायला नको. विमानाचेही तसेच आहे. त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के अंतरावर यावा. १८ सेंटीमीटर रुंदीसाठी हे अंतर ४.५ ते ५.४ सेंटीमीटर येते. किटच्या पत्रकात आकडा दिला असेल तर तोच धरावा.

बॅटरीसह सर्व सामान बसवा. पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या अंतरावर खूण करा आणि बोटांच्या टोकांवर विमान उचला. नाक किंचित खाली झुकले तर चालेल. शेपटी खाली गेली तर उडवू नका. बॅटरी पुढे सरकवा. तेवढ्याने भागले नाही, तरच नाकात वजन घाला. माझ्या विमानाची बॅटरी दोन बोटे मागे राहिली होती, एवढेच.

बॅटरी : पालकांसाठी

या विमानात लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची धरतात. पूर्ण भरल्यावर ती १२.६ व्होल्ट दाखवते. प्रत्येक सेल सारखा भरणाराच चार्जर वापरावा. १३०० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीला १.३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये. चार्जिंग फरशीवर आणि मोठ्या माणसाच्या देखत व्हावे. गादीवर किंवा रात्री झोपताना कधीही नको. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, ती पेट घेऊ शकते.

उडवायचे कोठे?

शाळेच्या पटांगणात नाही. सेकंदाला दहा मीटर जाणारे विमान साठ मीटरचे पटांगण सहा सेकंदांत ओलांडते. शिवाय हरणीचा विमानतळ शहराला लागूनच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. इतरही काही जागांवर बंदी असते. म्हणून आधी सरकारी नकाशा पाहावा आणि जमिनीच्या मालकाला विचारावे. शहराबाहेरच्या एखाद्या मोकळ्या जागेची सोय झाली, तर मुलांना घेऊन जाता येईल. विश्वस्तांनी याचा विचार करावा, ही विनंती.

मैदानावर आधी मोटर बंद ठेवून, उंच गवतावर, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून विमान सरळ सोडा. ते शांतपणे तरंगत उतरले, तरच मोटर सुरू करा. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे वाटते. तेव्हा जो पंख खाली झुकला असेल, त्या बाजूला दांडी न्या, म्हणजे ते सरळ होईल.

स्वाध्याय : पंखाची रुंदी २२ सेंटीमीटर असेल, तर गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून किती अंतरावर यावा? उत्तर वहीत लिहून आणा. ज्याचे उत्तर बरोबर येईल, त्याचे विमान उडण्याआधी मी बोटांवर तोलून पाहीन. ज्याचे चुकेल, त्याचे तर नक्कीच पाहीन.