होडीला बॅटरीची मोटर : घेण्याआधी आणि बसवताना



आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण परंड्याकडे सीना-कोळेगाव आणि खासापुरी, लोहाऱ्याकडे माकणीचं निम्न तेरणा, कळंबच्या बाजूला मांजरा धरणाचं पाणी असे मोठे जलाशय आहेत. त्यांच्या काठावरच्या गटांत मासेमारी करणाऱ्या घरांतल्या ताया आहेत. काही घरांत नवरा जाळं ओढतो आणि बाई वल्हं मारते. दुपारी वारा सुटला की वल्हं मारून खांदे भरून येतात, हे ज्या करतात त्यांनाच ठाऊक. म्हणून आता काही जणी विचारतात, "बॅटरीवरची मोटर बसवावी का? त्याला गटातून कर्ज मिळंल का?"

या अंकाचा पाठ त्यावरच आहे. एक गोष्ट आधीच सांगते. मोटर बसवणं अवघड नाही, एका सकाळीत होतं. अवघड आहे तो बॅटरीचा हिशेब. तो चुकला तर होडी पाण्याच्या मधोमध थांबते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

ही मोटर म्हणजे काय?

दुकानदार हिला ट्रोलिंग मोटर म्हणतात. एका लांब दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडणारी छोटी मोटर आणि पंखा, तर वरच्या टोकाला धरायचा दांडा असतो. दांडा वळवला की होडी वळते. छोट्या मोटरी १२ व्होल्टवर, म्हणजे एकाच बॅटरीवर चालतात. आवाज कमी, धूर नाही आणि पाण्यात पेट्रोल-डिझेल सांडत नाही. आपल्या धरणांचं पाणी लोक पितात, तेव्हा ही मोठीच जमेची बाजू.

पण ही मोटर वेगासाठी नाही. शांत पाण्यात माणूस भरभर चालतो तेवढ्याच वेगाने होडी जाईल. जोराच्या वाऱ्यात तेवढीही जाणार नाही.

पहिला हिशेब : वजन

या मोटरीची ताकद 'पौंड' मध्ये सांगतात. हा पौंड मोटरीच्या वजनाचा नाही, रेट्याचा आहे. साधा नियम असा : भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोला कमीत कमी २ पौंड रेटा लागतो.

एक उदाहरण करू. होडी १२० किलो, दोन माणसं ११०, बॅटरी ३५, मोटर १०, जाळी, बर्फाची पेटी आणि मासळी मिळून ७५. बेरीज ३५० किलो. ३५० भागिले ४५ म्हणजे जवळपास ८. आठ गुणिले २ म्हणजे १६ पौंड. हे झालं शांत पाण्याचं. आपल्याकडे वारा असतोच, म्हणून दुप्पट धरा, ३२ पौंड. बाजारात त्याच्या वरचं माप ४० पौंडाचं मिळालं तर ते घ्यायचं.

"मोठीच घेऊ, कामाला येईल," असं कुणी म्हणेल. मोठी मोटर पूर्ण वेगात चालवली की बॅटरीही तितकीच लवकर खाते. आणि होडीचं वजन माहीत नसताना मोटर घेणं म्हणजे माप न देता झंपर शिवायला टाकणं.

दुसरा हिशेब : बॅटरी

बॅटरी ही या मोटरीची टाकी आहे. १२ व्होल्टच्या मोटरीत ढोबळमानाने एका पौंडाला एक अ‍ॅम्पिअर करंट लागतो. म्हणजे ४० पौंडाची मोटर पूर्ण वेगात ४० अ‍ॅम्पिअर ओढते.

आता १०० अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी घेतली असं धरा. शिशाची म्हणजे अ‍ॅसिडची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. तिच्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे आपल्या हातात ५० उरले. पूर्ण वेगात ते तासाभरात संपतात. कमी वेगात मोटर १५ अ‍ॅम्पिअर ओढत असेल तर तेच ५० तीन तास पुरतात. कोणत्या वेगाला किती करंट लागतो ते मोटरीच्या पुस्तिकेत बघा. दुकानदाराला तोंडी विचारून थांबू नका, आकडा वहीत लिहून घ्या.

या ५० चे तीन वाटे करा. एक वाटा जायला, एक यायला आणि एक राखीव. राखीव वाटा वाऱ्यासाठी ठेवायचा, चार मासे जास्त मिळतील म्हणून मोडायचा नाही. गटात आपण सगळी बचत एकदम वाटून टाकत नाही, तसंच हे.

कोणती बॅटरी घ्यायची? ट्रॅक्टरची किंवा जीपची जुनी बॅटरी घरात पडलेली असते, ती लावायचा मोह होतो. पण ती बॅटरी गाडीला एक जोराचा धक्का देऊन सुरू करायला बनवलेली असते, तासन्‌तास करंट द्यायला नाही. या कामाला ती थोड्याच दिवसांत बसते. इन्व्हर्टरला लावतात ती ट्यूब्युलर बॅटरी चालते. लिथियमची बॅटरी हलकी असते, जास्त वापरता येते आणि जास्त टिकते, पण महाग असते आणि तिला तिचाच चार्जर लागतो.

अ‍ॅसिडच्या बॅटरीसाठी एक छोटा व्होल्टमीटर घ्या. मोटर बंद करून थोडं थांबायचं आणि आकडा बघायचा. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.२ दिसलं की काठ गाठायचा.

चार्जिंगचा खर्च फार नाही. निम्मी रिकामी झालेली १०० ची बॅटरी भरायला साधारण एक युनिट वीज लागते. मात्र रात्रीचे पाच-सहा तास लागतात. ज्या गावात रात्री लाईट टिकत नाही, तिथे याचा विचार आधीच करा.

बसवायची कशी?

१. मागची फळी तपासा. मोटरीचा शिकंजा होडीच्या मागच्या सपाट, उभ्या भागावर बसतो. फायबरच्या होडीत तो भाग पातळ असेल तर आतून-बाहेरून लाकडी फळी लावून नटबोल्टने आवळा. दोन्ही टोकं निमुळती असलेल्या होडीला वेगळा आधार बनवावा लागतो, तो वेल्डिंगवाल्याकडून नीट करून घ्या. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवेच्या ट्यूबवर मोटर बसवू नका.

२. शिकंजा हाताने घट्ट आवळा आणि मोटरीला एक मजबूत दोरी बांधून ती होडीच्या कडीला अडकवा. शिकंजा सुटला तरी मोटर तळाला जाणार नाही.

३. खोली ठरवा. मोटरीचा वरचा भाग पाण्याखाली साधारण एक फूट हवा. पंखा वर राहिला तर नुसता फेस काढतो आणि बॅटरी वाया जाते. फार खाली गेला तर बुडालेल्या बाभळीच्या खुंटांना आणि दगडांना लागतो.

४. बॅटरी मधोमध ठेवा. मागे मोटर, मागेच चालवणारी बाई आणि तिथेच बॅटरी असं झालं तर होडीचं तोंड वर उचललं जातं. बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत ठेवून पट्ट्याने बांधा. होडी कलली तरी ती सरकायला नको.

५. वायर जाड घ्या. घरातली दिव्याची वायर इथे जळेल. ४० पौंडाच्या मोटरीची वायर वाढवायची असेल तर तांब्याची १६ स्क्वेअर एमएम घ्या आणि होईल तितकी आखूड ठेवा. जोड नुसते पिळून टेप लावू नका, थिंबल दाबून घ्या.

६. ब्रेकर लावल्याशिवाय मोटर चालवू नका. लाल वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, ५० अ‍ॅम्पिअरचा डीसी ब्रेकर किंवा फ्यूज लावा. घरातल्या बोर्डाचा एमसीबी चालत नाही, तो एसीसाठी असतो.

७. जोडताना मोटरीचा स्विच बंद ठेवा. लाल वायर अधिकला, काळी वजाला. उलट जोडली तर मोटर उलटी फिरते किंवा आतलं सर्किट जळतं.

८. पहिली चाचणी कंबरभर पाण्यात, काठाला दोरी बांधून घ्या. पंखा पाण्याबाहेर चालवत बसू नका.

जाळं आणि पंखा

मासेमारीच्या होडीत सगळ्यात मोठा धोका आपल्याच जाळ्याचा आहे. जाळं सोडताना आणि ओढताना मोटर बंद करून वर उचलून ठेवा. त्या वेळी वल्हंच वापरा. जाळं पंख्यात गुंतलंच तर आधी बॅटरीची वायर काढा, मगच हात घाला. बाहेर आल्यावर पंख्याचा नट काढून मागे दोरा अडकलाय का ते बघा. बारीक नायलॉनचा दोरा आत राहिला की सील कापतो, मोटरीत पाणी शिरतं आणि मोटर जळते. पंख्याच्या आत एक छोटी पिन असते, खुंटाला धडकलं की ती तुटते. एक पिन आणि पाना कायम डब्यात ठेवा.

हे काम घरातल्या माणसावर सोडू नका. पंखा काढणं आणि वायर जोडणं हे होडीत बसणाऱ्या प्रत्येक बाईला आलंच पाहिजे.

जीवापेक्षा मासळी मोठी नाही

२०२४ च्या मे महिन्यात आपल्या शेजारीच, उजनी धरणात, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आपल्याकडचा उन्हाळी वारा असाच अचानक येतो. मोटर आहे म्हणून वाऱ्यात जायचं नाही. दोन वल्ही आणि प्रत्येकीला लाईफ जॅकेट होडीत हवंच. आणि मोटर बसली म्हणून होडी प्रवासी होत नाही. पाहुण्यांना, लेकरांना फिरवायला ती काढू नका.

घरी बॅटरी चार्ज करताना खोली मोकळी, हवेशीर ठेवा. चूल, दिवा, विडी जवळ नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

कर्ज मागण्याआधी

ज्यांच्याकडे आज पेट्रोलचं इंजिन आहे, त्यांचं पेट्रोल वाचेल. पण ज्या आज वल्हं मारतात, त्यांचं पेट्रोल वाचायचा प्रश्नच नाही. त्यांचे खांदे आणि वेळ वाचेल. मग हप्ता कशातून भरणार? वाचलेल्या वेळेत जाळी जास्त लागली किंवा मासळी बाजारात लवकर पोचून भाव बरा मिळाला, तरच. महिनाभर रोजची मासळी, भाव आणि लागलेला वेळ वहीत लिहा. मग बैठकीत अर्ज ठेवा.

बॅटरी कधीतरी बदलावीच लागते, तो खर्चही आत्ताच धरा. समजा बॅटरी १२,००० रुपयांची आहे आणि ती तीन वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला ३३३ रुपये हप्त्याशिवाय बाजूला पडले पाहिजेत.

आणि पाणी? २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. धरणात पाणी नसेल तर मोटर खुंटीला टांगून राहते. म्हणून परतफेड अशी ठरवा की पाणी भरपूर असतं त्या महिन्यांत मोठा हप्ता आणि उन्हाळ्यात छोटा. मोटर पडून असली तरी बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करायची. घरातल्या इन्व्हर्टरला ती जोडता आली तर दुष्काळातही ती उपयोगी पडते.

पैसे देण्याआधी दोन ठिकाणी विचारा. जलाशयाचा ठेका ज्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे आहे, तिथे आणि जलसंपदा विभागाच्या शाखेत मोटर लावायला परवानगी लागते का, ते. आणि धाराशिवच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अनुदानाचं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. आपली वस्तू त्यात बसते का, ते लेखी विचारा. खरेदी आधी आणि अर्ज नंतर असं करू नका.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या होडीचं भरलेलं वजन किती? प्रत्येकीने बेरीज करून आणावी.
२. जाळी लावायची जागा काठापासून किती लांब आहे? जायला-यायला किती वेळ लागतो?
३. दोघी-तिघींनी मिळून एकच चार्जर आणि एक जास्तीची बॅटरी घेता येईल का?
४. उन्हाळ्यात आपल्या धरणात किती महिने होडी चालत नाही?

या चार प्रश्नांची उत्तरं वहीत आली की मोटर घ्यायची की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल. उत्तर "आत्ता नको" असं आलं तरी वाईट वाटून घेऊ नका. न घेतलेल्या कर्जाला व्याज लागत नाही.

— तुमची क्षेत्र समन्वयक