जुन्या बंदुकीचा सौदा

सुताला नंबर असतो, हे कापडाच्या धंद्यातील वाचकांना सांगायला नको. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर; म्हणून नंबर वाढला की सूत बारीक होते. बंदुकीच्या नळीचा नंबरही याच हिशेबाने ठरतो, ही गोष्ट मात्र आम्हाला फार उशिरा आणि तीही एका फजितीतून कळली. एक पौंड शिशाच्या एकसारख्या १२ गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती १२ बोअरची नळी. २० पाडल्या तर २० बोअरची, म्हणजे आणखी अरुंद.

फजिती अशी झाली. एटापल्लीत आमचे कापडाचे दुकान. लाकडाच्या ठेकेदारीत आयुष्य घालवलेले एक जुने गिऱ्हाईक काही वर्षांपूर्वी वारले. मुलीच्या लग्नाचे कापड त्यांनी आमच्याकडून उधारीवर नेले होते आणि ती रक्कम वहीत तशीच होती. चाळिसावा झाल्यानंतर त्यांची दोन मुले रात्री दुकान बंद करायच्या वेळी आली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली दुनळी बंदूक त्यांनी गादीवर ठेवली. "चाचा, अब्बांचे कर्ज आमच्या डोक्यावर आहे. हातात पैसा नाही. ही विलायती चीज आहे, शंभर वर्षांची. शहरातला एक शौकीन माणूस घ्यायला तयार आहे. सौदा होईपर्यंत अमानत म्हणून तुमच्याकडे राहू द्या." अमानत म्हटल्यावर आम्हाला नाही म्हणवेना. कपाटात ठेवली, वर परकराच्या कापडाची थाने रचली. दोन रात्री ती तिथे होती.

तिसऱ्या दिवशी माल आणायला चंद्रपूरला गेलो असता ओळखीच्या वकीलसाहेबांकडे ही गोष्ट सहज निघाली. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, "तुम्ही कापड विकता की जामीन शोधता?"

त्यांनी जे सांगितले ते असे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगणे हाच गुन्हा. ती तुमची आहे की दुसऱ्याची, विकत घेतली की गहाण, की अमानत, हा प्रश्न नंतरचा. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपासून या गुन्ह्याला कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे, वर दंड. परवान्याशिवाय विक्रीचा धंदा केला तर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होऊन जन्मठेपेपर्यंत जाते. आणि आपला जिल्हा कोणता? आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर मोटारसायकलला चादरीत गुंडाळलेली बंदूक बांधून निघालेला माणूस नाक्यावर काय उत्तर देणार? जंगलात त्याला दुसऱ्या कोणी पाहिले तर तो कोणाचा माणूस समजला जाईल? कायद्याचे कलम बाजूला ठेवले तरी हा जिवाचा मामला आहे.

त्या मुलांना शहरातल्या दलालाने सांगितले होते की शंभर वर्षांच्या वर गेलेली चीज 'अँटिक' होते आणि अँटिकला लायसन लागत नाही. जुन्या बंदुकांच्या शौकिनांत हा समज फार पसरलेला आहे. तो अर्धा खरा आहे, आणि धंद्यात अर्धे खरे हे पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडते. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण कोणत्या हत्याराला? ज्याचा नमुना कालबाह्य झाला आहे, किंवा जे पुराणवस्तू म्हणून मोलाचे आहे, किंवा जे मोडके आहे, आणि जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा हत्याराला. सगळे अडते ते या शेवटच्या अटीवर. नुसते वय पुरत नाही. घोडा पडतो, नळी शाबूत आहे, बाजारात काडतूस मिळते, अशी दुनळी दीडशे वर्षांची असली तरी ती बंदूकच.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने शस्त्र नियमांत आणखी एक सवलत दिली. 'क्युरिओ' वर्गात मोडणारी लहान शस्त्रे घेण्यास व जवळ ठेवण्यास भारतीय नागरिकाला परवान्याची गरज उरली नाही. शौकिनांना आनंद झाला. पण त्याच नियमात पुढे लिहिले आहे की ते शस्त्र वापरायचे असेल, सोबत बाळगून फिरायचे असेल किंवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असेल तर परवाना हवाच. आणि परवान्यावर त्याची नोंद नसेल तर त्यासाठी दारूगोळा मिळणार नाही. म्हणजे घरातल्या भिंतीवर ठेवता येईल, पण एटापल्लीहून नागपूरच्या गिऱ्हाइकाकडे गाडीत घालून नेता येणार नाही. सौदा म्हटला की माल हलणार, आणि माल हलला की परवाना आला. शिवाय आपली चीज त्या वर्गात बसते की नाही हे दलालाने ठरवायचे नसते. वर्णन व फोटो जोडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे लेखी विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे.

असो. आता शौकिनांच्या नजरेने पाहू, कारण किंमत तिथे ठरते. जुन्या बंदुकांत पहिली तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायची. मग चकमकीची. एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या टोपीची आली. या तिन्ही प्रकारांत दारू नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागते. देशावर तिला ठासणीची म्हणतात, आमच्याकडे भरमार. त्यानंतर मागून उघडणारी काडतुसाची दुनळी आली. संस्थानिक, जमीनदार, जंगल ठेकेदार आणि शिकारी साहेब यांच्या घरी होती ती बहुतेक हीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली तशी ती पेटाऱ्यात गेली. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बाहेरून खाजगी बंदुका आणणे जवळजवळ बंद झाले. माल येणे थांबले की जुना साठा महागतो, हे गिरणी संपाच्या काळात कापडवाल्यांनी पाहिलेले आहे. विलायती बंदुकीचे तसेच झाले.

शौकीन माणूस प्रथम कारागिराचे नाव आणि नंबर बघतो. इंग्लंडातील नावाजलेल्या कारखान्यांनी नंबरवार नोंदवह्या ठेवल्या, त्यावरून बंदूक कधी आणि कोणासाठी बनली हे काढता येते. मग तो नळीच्या बुडाशी असलेले शिक्के बघतो. लंडन आणि बर्मिंगहॅम येथे नळ्या जास्त दारू भरून तपासण्याची सरकारमान्य घरे आहेत (बर्मिंगहॅमचे घर १८१३ चे), आणि तपासून पास झालेल्या नळीवर त्यांचा शिक्का असतो. जुन्या नळ्यांपैकी काही लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेढून जोडलेल्या असतात. त्यावर ऐन रेशमासारखी लहर दिसते. दिसायला ती सुंदर, पण त्यातल्या बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजचे जोरदार काडतूस अशा नळीत घातले तर नळी फुटून हात जाऊ शकतो. शिवाय कित्येक जुन्या दुनळ्यांचा काडतुसाचा खण अडीच इंचांचा असतो आणि आजची काडतुसे त्याहून लांब येतात. हौसेने एक बार काढून बघू म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांची एक गंमत आम्हाला फार आवडली. कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यांवर चार भाग पाडलेल्या हृदयाच्या आकाराची खूण मारलेली असे. तीच गठ्ठ्याची खूण तिच्या बंदुकांच्या घोड्याच्या पट्टीवरही मारली जाई; पुढे एकोणिसाव्या शतकात तिच्या जागी उभा सिंह आला. कापड आणि बंदूक, दोघांवर एकच मोहोर! अर्थात मोहोर आहे म्हणून माल अस्सल असे मुळीच नाही. अशा खुणांच्या नकला पुष्कळ झाल्या. आपल्याकडे काठावर नामांकित गिरणीचे नाव छापलेले नकली थान येते, तसेच. आणि घासून चकचकीत केलेल्या बंदुकीची किंमत वाढत नाही, उतरते. पुसट झालेला नंबर रेतीकागदाने घालवला तर किंमतही जाते आणि कलम ८ चा गुन्हाही होतो. नळी कापून आखूड करणे हे कलम ६ खाली वेगळे.

याच कलम ८ मध्ये आमच्या जंगल भागाला लागू पडणारी एक गोष्ट आहे. बनवणाऱ्याचे नाव, नंबर किंवा ओळखीची खूण नाही अशी बंदूक विकण्यास किंवा दुसऱ्याला देण्यास मनाई आहे. गावच्या लोहाराने बनवलेल्या भरमारवर नाव कुठले आणि नंबर कुठला? म्हणजे ती शौकिनाला विकण्याचा सरळ मार्गच नाही. तसे पाहिले तर कायदा भरमारचा वैरी नाही. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. मात्र अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती घेतल्याशिवाय नवा परवाना मिळत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात चपराळा व भामरागड ही अभयारण्ये आहेत. बिनपरवाना भरमार गावकऱ्यांनी पोलिसांकडे स्वतःहून जमा केल्याच्या बातम्या जिल्ह्यात वेळोवेळी येतात. बाजाराच्या दिवशी चार पैशांना अशी बंदूक उचलणारा फिरता गिऱ्हाईक गरीब माडिया शेतकऱ्याला मदत करत नसतो. पकडला गेला तर तो कोणाकडून घेतली तेच आधी सांगेल.

कोणी विचारतात, कर्नाटकात कोडगूच्या लोकांना परवान्याशिवाय बंदूक चालते, मग आपल्याला का नाही? कोडवा समाज आणि तिथले जम्मा जमीनधारक यांना इंग्रजांच्या काळापासून खास सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ती सूट त्या लोकांपुरती आहे. तिचा दाखला गडचिरोलीच्या ठाण्यात चालत नाही.

किंमत पुराव्याची असते, याचे मोठे उदाहरण टिपू सुलतानच्या बंदुकांचे आहे. २०१९ मध्ये इंग्लंडात एका कुटुंबाच्या माळ्यावर निघालेली टिपूची २० बोअरची चकमकी बंदूक लिलावात ६०,००० पौंडांना गेली. २०२३ मध्ये टिपूच्या दुसऱ्या एका चकमकी शिकारी बंदुकीची किंमत २० लाख पौंड धरून ती देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने निर्यात थांबवली. तिच्यावर असद खान मुहम्मद या कारागिराचे नाव आहे. नाव, साल आणि मालकांची साखळी सिद्ध होते, म्हणून हा भाव. उद्या आमच्या भागात कोणी भरमार दाखवून म्हणाला की ही बाबुराव शेडमाके यांच्या बंडातली, तर पहिला प्रश्न कागदाचा. शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपुरात फाशी झाली. तेव्हापासून आजपर्यंत ती बंदूक कोणाकोणाच्या हातून आली, हे सांगता येत नसेल तर ती लोखंडाची नळी आहे. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणे तर १९७२ च्या कायद्याने मनाच आहे, त्यामुळे विलायतेतला भाव ऐकून इथे हिशेब मांडू नये. नुसते पाहण्याचा शौक असेल तर हैदराबादचे सालारजंग आणि पुण्याचे राजा केळकर संग्रहालय आहे. घरी ठेवायचे तर २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या. वारशाने आलेलीही त्या दोनातच मोजली जाते.

आता त्या मुलांच्या बंदुकीचे काय झाले ते सांगतो. वकीलसाहेबांच्या सल्ल्याने ती आम्ही जागची हलवली नाही. ठाण्यात लेखी कळवले, पोलीस आले, पंचनामा झाला. अब्बांचा जुना परवाना ट्रंकेत सापडला, त्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळला, हे आमचे नशीब. कलम २१ प्रमाणे मालक वारल्यावर वारसाने बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केल्याने हक्क जात नाही. ठरलेल्या मुदतीत स्वतःचा परवाना काढून ती परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत गेली तर मात्र ती सरकारजमा होते. थोरल्याने आधी वारस म्हणून परवाना काढायचा विचार केला. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. मालक हयात असताना, सत्तरीनंतर किंवा बंदूक २५ वर्षे जवळ असेल तर, तो स्वतःही वारसासाठी अर्ज करू शकतो. अब्बांनी तसे केले असते तर पुढचे काही झालेच नसते. शेवटी मुलांनी विकायचे ठरवले. चंद्रपूरचे एक हौशी गृहस्थ मिळाले, त्यांच्या परवान्यावर एक जागा रिकामी होती. सगळे व्हायला चौदा महिने लागले. भाव मुलांच्या स्वप्नापेक्षा कमी आला, दलालाने सांगितला होता त्यापेक्षा बराच जास्त.

रक्कम हाती आल्यावर दोघे भाऊ आपसात अर्धी-अर्धी करायला निघाले होते. आम्ही म्हटले, थांबा. आधी मय्यतीचे कर्ज. त्यात आमची उधारी होती तशी किराणावाल्याचीही होती, दोन्ही फिटली. उरलेल्याचे चाळीस हिस्से केले: अम्मीचे पाच, दोन्ही मुलांचे चौदा-चौदा आणि बहिणीचे सात. बहिणीला बंदूक विकल्याचे तोपर्यंत कोणी सांगितलेही नव्हते. ठाण्यातल्या जमा पावतीची झेरॉक्स तिने आमच्याकडून मागून नेली, मूळ पावती थोरल्याकडे आहे.